दोन पॉइंट आठ सेकंद

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

पुढच्या डाव्या चाकाचे नट जुन्या टूथब्रशने घासत होतो, तेव्हा वाटले की हे सगळे लिहून ठेवले पाहिजे. हात साबणाने धुऊन बसलो आहे. वही शंभर पानी.

गाडी घेऊन आज अकरा दिवस झाले. पांढरी, डिझेल, ऑटोमॅटिक, सात वर्षे वापरलेली. पिवळी पाटी करून घेतली आहे. लग्नात नवरीला नेण्यासाठी भाड्याने द्यायची आणि चालवायची मीच. त्यासाठी वालीवच्या गाळ्यातली बोल्ट मोजायची नोकरी सोडली. बारावी दोनदा अडकलेल्या मुलाने चार वर्षांची नोकरी सोडली, तेव्हा बाबा फक्त एवढेच म्हणाले, "एकतीस डिसेंबर." म्हणजे तोवर गाडीने स्वतःचे पोट भरायची लक्षणे दाखवली नाहीत, तर ती माझा चुलतभाऊ विकी याला विकायची आणि मी पुन्हा बोल्ट मोजायचे. विकीने किंमतही सांगून ठेवली आहे. ती ऐकून भंगारवालासुद्धा लाजेल.

ऑटोमॅटिक का, असे सगळे विचारतात. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अशी तीन पेडल आणि माणसाला पाय दोन, हा हिशेब मला कधीच पटला नाही. इथे दोनच पेडल आहेत आणि डावा पाय तर रिकामाच असतो.

आता दोष. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी लगेच पुढे जात नाही. आधी विचार करते. काल वसई फाट्याला हायवेवर चढताना पेडल जाईल तितके खाली दाबले. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणून झाले तरी ती तिथेच. मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्नवरचा हातच काढला नाही. मग केव्हातरी निघाली, आपल्यालाच कोणीतरी हाक मारली होती हे आठवल्यासारखी.

घरी आल्यावर आईने विचारले, "कितीला गेली आज?"

म्हणालो, साठच्या वर गेलीच नाही.

"शहानी हाय गारी," आई म्हणाली आणि माझ्या ताटात दोन बोंबील जास्त पडले.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मिठागराच्या रस्त्यावर मोबाईलचे स्टॉपवॉच लावून दहा वेळा मोजले. पेडल दाबल्यापासून पाठ सीटला ढकलली जाईपर्यंतचा वेळ. सरासरी २.८ सेकंद. सर्वांत जास्त ३.१, पण त्या वेळी समोर बगळा होता.

आतली व्यवस्थाही आज नीट लावली. सर्वांत खाली कंपनीचे कार्पेट. त्यावर आईने शिवलेली गोणपाटाची चटई. गाडी दारात आली त्याच दुपारी ती सुई घेऊन बसली होती. दोन थरांची आहे, चांगली जाड. त्यावर रबरी मॅट आणि त्यावर रोज नवे वर्तमानपत्र. देवांचे फोटो आणि श्रद्धांजलीचे पान काढून ठेवतो, पाय लागू नये म्हणून. राजकारणाचे पान चालते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गोखिवऱ्याला सॅन्टनच्या गॅरेजमध्ये गेलो. जुना माणूस आहे, त्याच्याकडे बाबांचा टेम्पोसुद्धा जायचा. त्याच्या पायांना कायम ऑइल असते, म्हणून गाडी त्याच्या हाती देण्याआधी चटया आणि कागद गुंडाळून डिकीत ठेवले. आईच्या हातचे काम आहे, डाग पडला तर निघायचा नाही.

सॅन्टन गाडी घेऊन रेंज ऑफिसच्या नाक्यापर्यंत जाऊन आला. उतरला आणि विडी पेटवली.

"काय झालंय हिला?"

"रेस दिली की उशिरा उठते."

"डिझेल ऑटोमॅटिक म्हणजे म्हैस रे बाबा. शेपटी पिरगाळलीस की लगेच पळत नाही. टर्बोत हवा भरणार, गिअरबॉक्स विचार करणार, मग निघणार. एकदा निघाली की तू थांबवून दाखव."

"पण एवढा उशीर?"

"एवढा म्हणजे केवढा? माझ्याकडे तर बरी पळाली."

मी वही काढून २.८ दाखवले. त्याने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहीकडे. "तुझे नट बरे चकचकीत आहेत," म्हणाला. एअर फिल्टर बदलला आणि डिझेलमध्ये घालायची बाटली दिली. निघताना चटया पूर्ववत अंथरल्या. वालीव नाक्यावर मोजले. २.८.

डॉक्टरसमोर गेले की मुलाचा खोकला थांबतो, तसे हिचे झाले आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आईने बोनेटला लिंबूमिरची बांधली. दर शनिवारी बांधणार आहे.

विकी फेरी मारून आला. चालवायला तोच बसला होता. "भूप्या, ही गाडी आहे की सरकारी अर्ज? दिलाय, आता वाट बघा!" म्हणजे माझा भ्रम नाही, विकीलाही तसेच जाणवले. मला फार बरे वाटले, आणि त्याच बऱ्या वाटण्यात मी त्याच्याकडून एक यंत्र घेऊन बसलो. स्टीअरिंगखाली लावायचे असते. विकीच्या मते ते इंजिनाला जागे ठेवते. नऊ हजार पाचशे, पाच आत्ता, बाकीचे जमतील तसे. विकी म्हणाला, "भावाकडून व्याज घेत नाही मी." नफा घेतो की नाही, ते बोलला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

यंत्र लावले. हिरवा दिवा लागतो. २.८.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

होळी गावाला मटिल्डा आंटींकडे गेलो. त्यांची वाडी आहे. पूर्वी बाबांचा टेम्पो त्यांची वांगी आणि केळी बाजारात न्यायचा. आता आंटी लग्ने उभी करतात. बँड, केक, फुले, हॉल, गाडी, सगळे त्यांच्या एका वहीत. त्यांच्या वहीत नाव आले की सीझन निघतो.

"बळीरामचा पोर तू? गाडी बघू." त्यांनी बोट फिरवून धूळ पाहिली. सापडली नाही. मग चाकाचे नट पाहिले. "अरे, असा स्वच्छ माणूस मी आमच्या नवऱ्यात शोधत होते!" बावीस तारखेचे एक लग्न दिले. तीन हजार. नीट झाले तर पुढची.

मी बोल्टच्या गाळ्यात कधी एवढा घाबरलो नव्हतो. तिथे बोल्ट कमी भरला तर फक्त बोल्ट कमी भरायचा.

शनिवार, २२ नोव्हेंबर, रात्री

लिहायची इच्छा नाही, पण घडेल ते लिहायचे, नियम म्हणजे नियम.

नवरी मागे, मांडीवर घेराचा पांढरा ड्रेस, शेजारी तिचे वडील. पुढे बँडचा टेम्पो, त्यामागे करवल्यांची जीप, त्यामागे आम्ही. वाडीच्या रस्त्यावरून मेन रोडला वळायचे होते. टेम्पो गेला. जीप गेली. मला चांगली जागा दिसत होती. पेडल दाबले. २.८ सेकंदांत माणूस काय काय पाहू शकतो ते मला आज कळले. मी बसस्टॉपवरचे पूर्ण पोस्टर वाचले. तेवढ्यात जीप आणि आमच्यामध्ये पाण्याचा टँकर घुसला.

टँकर दर दोन बिल्डिंगमागे थांबत होता. रस्ता अरुंद, समोरून बस. ओव्हरटेक करायला दोनदा पेडल दाबले, दोनदा गाडीने विचार केला, दोनदा मी मागे आलो. टँकरमधून पाणी गळत होते आणि ते उडून काचेवर येत होते. नवरीच्या वडिलांनी शांतपणे विचारले, "वायपर तरी लगेच चालतो ना?"

चौदा मिनिटे उशीर. चर्चमध्ये क्वायरने तेच गाणे तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी फादरही गुणगुणत होते, असे ऐकले.

मटिल्डा आंटींनी तीनऐवजी दोन हजार हातावर ठेवले. "पोरा, नवरी चर्चला उशिरा येते ती तोंड रंगवायला वेळ लागतो म्हणून. पाण्याच्या टँकरमागून येते म्हणून नाही."

घरी आईने विचारले, "कितीला गेली?" म्हणालो, वीसला. ती देवाला दिवा लावायला गेली. मला वाटले माझ्यासाठी प्रार्थना करायला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पुन्हा सॅन्टन. चटया काढल्या, गुंडाळल्या, गाडी दिली. या वेळी मी स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसलो. इंजिनात काजळी असेल, असे मीच म्हणालो. त्याने नाही म्हटले नाही. काजळी काढली. सहा हजार आठशे. त्याच्या पायाने १.१ सेकंद आले. काजळी काढण्याआधी १.१ आणि काढल्यावरही १.१.

तिथून गाडी घेतली, चटया अंथरल्या, कागद बदलला, गावात आलो. २.८.

म्हणजे दोष गाडीत नाही. दोष माझ्यात आहे. माझ्या पायात काहीतरी कमी असावे. विकीलाही तसेच झाले होते, म्हणजे घराण्यातच असावे.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजपासून ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ सुरू. नाताळापर्यंत त्यांच्यात लग्ने नसतात, नंतर एकदम रांग लागते. आंटींच्या वहीत माझे नाव त्या रांगेत आहे की नाही, विचारायचा धीर झाला नाही. बाबा जेवताना कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडरवर गणपती आहे, पण त्यांचा रोख तारखांवर होता.

मंगळवार, २ डिसेंबर

एव्हरशाईन सिटीत एक मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. तिथे रीमा मॅडम शिकवतात. माझ्याच वयाच्या असतील. एका तासाचे सहाशे. लायसन असताना मी पुन्हा शिकायला का आलो, ते त्यांना वहीसकट समजावले. त्यांनी वही पूर्ण वाचली. आजवर कोणी वाचली नव्हती.

"बगळ्याची पण नोंद आहे यात," त्या म्हणाल्या.

"तो समोर होता."

त्यांच्या गाडीत मी ठीक चालवली. त्या म्हणाल्या, "भूपेश, पाय एकदम बरोबर आहे यार तुझा. उलट जास्तच पोलाइट आहे. बघ, डिझेल ऑटोमॅटिकला आधी सांगून ठेवायचं असतं. घरी चहा सांगतो ना, तसं. प्यायच्या वेळी सांगितला तर उशीरच होणार. गॅप दिसायच्या आधीच थोडी रेस देऊन तयार ठेव." हे मी लिहून घेतले.

शुक्रवार, ५ डिसेंबर

चहाची पद्धत वापरली. २.८ चे २.६ झाले. प्रगती आहे, पण या गतीने १.१ ला यायला मला मार्च उजाडेल.

दुसरा तास झाला. त्या म्हणाल्या, "तुझी गाडी आण ना एकदा, मी चालवून बघते." मी म्हणालो, बघू. त्या उंच टाचांच्या चपला घालतात. रबरी मॅटला भोक पडेल.

रविवार, १४ डिसेंबर

आंटींचा फोन. "सत्तावीस तारखेला माझ्या भाचीचं लग्न. गाड्या सगळ्या बुक झाल्यात, नाहीतर तुला बोलावलं नसतं, खोटं कशाला बोलू? नवरी चर्चला, तिथून नवराबायको राजोडीच्या हॉलला. तीन मजल्यांचा केक माझ्या मांडीवर असेल. जमेल का?"

जमेल म्हणालो. फोन ठेवल्यावर पुन्हा चाकाचे नट घासायला बसलो.

आंटींच्या सांगण्यावरून फादरांनी गाडीवर तीर्थ शिंपडले. मनापासून शिंपडले. थोडे खिडकीच्या बटणात गेले आणि उजवी काच आता अर्ध्यावर थांबते. बोनेटला लिंबूमिरची आहेच. दोन्ही धर्मांचा एकत्रित परिणाम: पुन्हा २.८.

शनिवार, २० डिसेंबर

रबरी मॅट धुवायला काढली. आईची चटईही धुवावी म्हणून बाहेर ठेवली, तर अर्ध्या तासात ती परत गाडीत. "ती नको धुवूस. शिवन सुटेल," आई म्हणाली. तिला माझ्या गाडीची फार काळजी आहे.

मंगळवार, २३ डिसेंबर

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

दुपारी ३ वाजता एव्हरशाईनला गेलो. चार दिवस उरलेत, तेव्हा मॅटला भोक पडले तरी चालेल असे ठरवले होते. पण रीमा मॅडमनी बसायच्या आधी चपलाच काढल्या. "अनवाणी कळतं पेडल काय बोलतंय ते." मी कागदावरची घडी नीट केली. त्या निघाल्या. मुख्य रस्त्याला लागून थोडे पुढे गेल्यावर एका झाडाखाली गाडी थांबवली.

"भूपेश, पेडलखाली काय आहे?"

"व्यवस्था आहे."

"म्हणजे?"

मी चारही थर सांगितले, खालून वर. देवांच्या फोटोंचे पान काढतो, तेही सांगितले. त्या बराच वेळ स्टीअरिंगवर कपाळ टेकून होत्या. मला वाटले, चक्कर आली. मग कळले की हसत होत्या. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन खुर्चीतून उठला.

"अरे, पेडल खाली जायला जागा कुठे आहे? एक तृतीयांश गेलं की मॅटला टेकतंय! तू गाडीला कुजबुजून सांगतोयस आणि तिला ऐकू येत नाही म्हणून औषध पाजतोयस! गॅरेजवाल्याला कसं नाही दिसलं?"

"त्याच्याकडे देताना मी काढून ठेवायचो. त्याचे पाय..."

मी वही उघडली. सगळ्या तारखा डोळ्यांपुढून गेल्या.

त्यांनी कागद काढला, मॅट काढली. मग गोणपाटावर बोट दाबले. "यात काहीतरी कडक आहे." नेलकटरच्या पात्याने मी एका बाजूची शिवण उसवली, दोरा पुन्हा वापरता येईल अशी. आतून टायरचा तुकडा निघाला. तळहाताएवढा, दोन बोटे जाड, बरोबर जिथे पेडल टेकते तिथे.

"चुकून आत राहिला असेल," मी म्हणालो.

"चुकून काही चारही बाजूंनी शिवलं जात नाही," रीमा मॅडम म्हणाल्या.

या तासाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी आई ओसरीवर वाल सोलत होती. तुकडा तिच्यासमोर ठेवला.

"आय, हे काय?"

"टायर."

"ते दिसतंय. चटईत कशाला?"

"बापाला इचार तुझ्या."

बाबा आतून आले, तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा झाला. टेम्पोच्या वेळी भाड्याचे ड्रायव्हर हाणायचे. एकाने मटिल्डा आंटींची वांगी टेम्पोसकट खाडीत घातली. तेव्हापासून बाबा रेसच्या पेडलखाली टायरचा तुकडा ठेवायचे, म्हणजे चाळीसच्या वर कोणी जायचे नाही.

"ही माझी युगत हाय!" बाबा म्हणाले. "तुला कोनी शिकवली?"

"तुमची?" आई म्हणाली. "गोनपाटात शिवून कोन देत व्हतं? परत गेला का टेम्पो पान्यात?"

"म्हंजे मी पोराला एकतीस डिसेंबर दिला, आनि गारी तू अडकवून ठेवलीस?"

"तुमी तारीख दिली. मी टायर दिला. जो तो आपापल्या परीनं." तिने वालाची साले सुपात गोळा केली. "बोल्ट मोजायचा तवा मी रातची झोपायचे. आता हायवेला जातो. ट्रेलर काय त्याचे नट बघून थांबनार हाय?"

मी पंधरा हजारांच्या आसपास खर्च झाल्याचे सांगितले. आई म्हणाली, "मला इचारायचं व्हतंस. फुकट सांगितलं असतं." मग सूप झटकून म्हणाली, "नसतं सांगितलं."

त्यावर बाबा हसले आणि मलाही रागावता येईना. मी सकाळपासून रागवायची तयारी करून आलो नव्हतो.

गुरुवार, २५ डिसेंबर

सगळ्या चटया काढून मिठागराच्या रस्त्यावर दहा वेळा मोजले. सरासरी १.१. शून्य होणार नाही, म्हैस ती म्हैसच. पण १.१ सेकंदात चहा सांगता येतो. हायवेवर चढलो. मागचा ट्रेलर आरशात लहान होत गेला. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते वहीत लिहिण्यासारखे नाही.

संकट संध्याकाळी आले. अंगणात सावकाश चालवून बघायला गेलो, बँडमागे चालवावी लागते तशी. पाय टाकला, १.१ सेकंद काही नाही, सवयीने आणखी दाबला, आणि गाडी उडी मारून बाबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गेली. बाबा नुकतेच उठले होते. दोन महिने मी पेडलवर उभा राहायला शिकलो आहे. पायाला हे सगळे विसरायला दोन दिवस मिळणार, आणि पुढे भाचीचे नाचणारे काका असणार.

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळी बघतो तर चटईची उसवलेली बाजू पुन्हा शिवलेली. तोच दोरा. मी तिची घडी घातली. चटई डिकीत ठेवली.

शनिवार, २७ डिसेंबर

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी होळीला भाचीच्या दारात. वाडीतल्या चिंचोळ्या रस्त्याने बँड चालत पुढे, मध्ये नाचणारी मंडळी, मागे आम्ही. केक अजून यायचा होता, आंटी पुढच्या सीटवर मोकळ्या हाताने हुकूम सोडत होत्या. नवरीचा एक काका गाडीकडे तोंड करून उलटा नाचत होता, बंपरपासून हातभर अंतरावर. मी पेडलला नुसता पाय लावला. काही नाही. मग एकदम झटका. ब्रेक दाबला. काका थांबला, त्याला वाटले हा नाचाचाच भाग आहे. त्याने मला फ्लाइंग किस दिला.

मी गाडी थांबवली, "एक मिनिट" म्हणून उतरलो आणि डिकीतून आईची चटई काढून पेडलखाली अंथरली.

"आता काय चटई टाकून जेवायला बसतोस?" आंटी म्हणाल्या.

"मिरवणुकीची चटई आहे, आंटी. आमच्या टेम्पोतपण असायची."

त्यांनी चटईकडे पाहिले. ओळखले की काय कोण जाणे. "माझी वांगी बुडवली त्यानंतरची?" म्हणाल्या.

"त्यानंतरची."

त्यापुढे गाडी पालखीसारखी गेली. पाय कितीही घाबरला तरी पेडल आपल्या जागी थांबत होते. काका पूर्ण रस्ताभर उलटा नाचला आणि शाबूत पोचला. मेन रोड यायच्या आधी मी पुन्हा "एक मिनिट" म्हणालो आणि चटई डिकीत टाकली. वळणावर तोच टँकर येत होता. तोच, मला त्याचा नंबर पाठ आहे. त्याला पाहायच्या आधीच गाडीला चहा सांगून ठेवला होता. १.१ सेकंदात आम्ही त्याच्या पुढे. आंटींनी छातीवर क्रूसाची खूण केली. नवरी मागून म्हणाली, "परत एकदा करा ना!"

चर्चला आम्ही चार मिनिटे आधी पोचलो. क्वायर अजून चहा पीत होते.

चर्चमधल्या मिस्सानंतर राजोडीला जाताना केक आंटींच्या मांडीवर होता. एका गतिरोधकावर वरच्या मजल्यावरचे साखरेचे कबूतर आडवे झाले. मी वेग आणखी कमी केला. आंटींनी ते उचलून तोंडात टाकले. "जोडीतलं एकच राहिलं तर बरं दिसत नाही," म्हणाल्या आणि दुसरे मला दिले.

हॉलच्या दारात त्यांनी वही उघडली. सतरा फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे त्यांचा उपवासकाळ लागेपर्यंत, अकरा तारखा. प्रत्येकीपुढे माझे नाव लिहिले. 'भुपेश' असे लिहिले आहे. 'भु' ऱ्हस्व पडला आहे, पण तारखा अकरा आहेत.

बुधवार, ३१ डिसेंबर २०२५, रात्री ९ वाजून १५ मिनिटे

बाबांनी जेवताना कॅलेंडर खाली उतरवले, गुंडाळले आणि नवे टांगले. तेवढाच निकाल. विकी येऊन गेला, गाडी विकायची नाही ऐकून म्हणाला, यंत्राचा गुण आला.

खर्च झालेला: डिझेलची बाटली ६५०, फिल्टर १,१५०, नसलेली काजळी ६,८००, हिरव्या दिव्याचे यंत्र ५,०००, आठ शनिवारची लिंबूमिरची १६०, ट्रेनिंगचे दोन तास १,२००, बाबांची खुर्ची ३५०. एकूण १५,३१०. खरे औषध: फुकट, घरीच होते.

आलेले: पहिल्या लग्नाचे २,००० आणि भाचीच्या लग्नाचे ४,५००. एकूण ६,५००.

देणे: विकीला ४,५००. यंत्र तो परत घेत नाही. आईला दिवा आवडला आहे, देव्हाऱ्यात लावता येईल का विचारते.

रीमा मॅडमच्या तिसऱ्या तासाचे देणे आहे. पैसे नकोत म्हणतात. त्याऐवजी एखाद्या रविवारी राजोडीला गाडीची चाचणी घेऊ म्हणतात. मी दोनदा सांगितले की तिथे समुद्र आहे, हायवे नाही, चाचणी नीट होणार नाही. तरी त्या तेच म्हणतात. विचार करून कळवतो म्हणालो.

आईने आत्ता विचारले, "आज कितीला गेली?" म्हणालो, साठला. तिने एक बोंबील जास्त वाढला. काटा ब्याऐंशीवर होता.

आईचे देणे: बावीस.